दुधाच्या दातांचा सातबारा

मुळशी तालुक्यातल्या माणसाला जागेची किंमत समजावून सांगायला जाणं म्हणजे निव्वळ आगाऊपणा. 1921 साली सेनापती बापटांना पुढे घालून इथल्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला तो जागेसाठीच. पुढे शंभरेक वर्षांत पाणी अडलं, वीज मुंबईला गेली, हिंजवडी-माणच्या भातखाचरांत काचेच्या इमारती उगवल्या, भूगाव-भुकूमच्या माळावर बंगल्यांच्या स्कीमा आल्या. जमीन विकून बसलेल्यांचं पुढे काय होतं यावर 2018 साली 'मुळशी पॅटर्न' नावाचा अख्खा सिनेमा निघाला. शेजाऱ्यानं वीतभर बांध कोरला तर इथला माणूस पौडला जाऊन मोजणीचा अर्ज देतो, तारखा घेतो, वकील बदलतो आणि नातवाच्या लग्नापर्यंत केस चालवतो. अशा या तालुक्यात चार वर्षांच्या पोराच्या तोंडात दाढेएवढी मोक्याची जागा उघड्यावर पडते आणि घरातलं एकही माणूस हरकत घेत नाही. उलट सगळे मिळून एकच निकाल देतात, "दुधाचे दात ते, पडणारच आहेत की!"

हे वाक्य इतकं समजूतदार वाटतं की त्याच्याशी वाद घालणं अवघड होऊन बसतं. दुधाचे दात पडतात यात काहीच खोटं नाही. खोट आहे ती वेळापत्रकाच्या अज्ञानात. दुधाचे दात एकूण 20. पहिला साधारण सहाव्या महिन्यात दिसतो, शेवटची दाढ अडीच-तीन वर्षांपर्यंत येते. सहाव्या-सातव्या वर्षी पडतात ते पुढचे दात, आणि घरच्यांच्या लक्षात राहतात तेही तेच, कारण फोटोत तेवढेच दिसतात. मागच्या दुधाच्या दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत मुक्काम ठोकून असतात. म्हणजे चौथ्या वर्षी किडलेली दाढ 'पडणारच आहे' म्हणून सोडली, तर त्या पोरानं पहिलीपासून पाचवीपर्यंतची सगळी शाळा, सगळ्या भाकऱ्या आणि सगळ्या रात्री त्या दाढेसकट काढायच्या असतात. पडणार तर आपण सगळेच आहोत. म्हणून गुडघेदुखीला कुणी औषध घेत नाही, असं काही दिसत नाही.

आता सातबाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर दुधाची दाढ ही जमिनीची मालक नाहीच. सातबारा उताऱ्यावर अज्ञान वारसाच्या नावाशी 'अ.पा.क.' अशी तीन अक्षरं लिहिलेली असतात, अज्ञान पालन कर्ता. वारस सज्ञान होईपर्यंत जमीन सांभाळायची, वहिवाट चालू ठेवायची आणि वेळ आली की गुमान बाजूला व्हायचं, एवढंच त्याचं काम. दुधाची दाढ नेमकी हीच. तिच्या खाली जबड्यात कायमचा दात वाढत असतो, तो सज्ञान होईपर्यंत ती जागा धरून बसते. कीड लागली, ठणका लागला, शेवटी वैतागून ती दाढ सहाव्या-सातव्या वर्षीच काढून टाकली, की पालनकर्ता गेला. शेजारी टपलेलाच असतो. मागची कायमची दाढ हळूहळू पुढे सरकते, तिरकी होते, बांध कोरते. चार वर्षांनी खरा वारस वर येतो तेव्हा त्याच्या नावावर जागाच शिल्लक नसते. मग तो मिळेल तिथून डोकं वर काढतो. तोंडात दातावर दात दिसायला लागतात आणि खटला दंतवैद्यांच्या दरबारात दाखल होतो. तारा बसतात, दर महिन्याला तारीख पडते, निकाल लागायला दीड-दोन वर्षं जातात आणि खर्च ऐकून बाप म्हणतो, यापेक्षा दिवाणी दावा स्वस्त. दाढ लवकर काढावीच लागली तर त्या मोकळ्या जागेवर डॉक्टर तारेची एक छोटी कडी बसवतात, शेजारच्यानं पुढे सरकू नये म्हणून. तारेचं कुंपणच ते. मुळशीत ते समजावून सांगायला एक मिनिटही लागू नये. पण जागा तोंडातली आहे म्हटल्यावर कुंपण कशाला, असा प्रश्न येतो.

बरं, आपल्याला मुलांच्या दातांची काळजी नाही असंही नाही. काळजी भरपूर आहे, फक्त तिची जागा चुकली आहे. बाळाला पहिला दात वरचा आला की घरात कुजबुज सुरू होते, कारण वरचे दात आधी आले तर ते मामावर भारी! दात बाळाचा, धोका मामाला. त्यावर उतारा म्हणून मामाकडून काही ना काही वसूलही होतं. पुढे दात पडला की तो शेणात गुंडाळून घराच्या कौलावर फेकायचा हा दुसरा समारंभ. (हिंजवडीच्या अठराव्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबानं तो नेमका कुणाच्या छपरावर फेकायचा, आणि शेण कुठून आणायचं, यावर सोसायटीच्या ग्रुपवर अजून ठराव झालेला नाही.) म्हणजे दात येतो तेव्हा गावभर चर्चा, जातो तेव्हा विधी, आणि मधल्या काळात त्याचं काय चाललंय याची कुणालाही खबर नाही. यात सगळ्यात जास्त अन्याय होतो तो सहाव्या वर्षी येणाऱ्या पहिल्या कायमच्या दाढेवर. ती दुधाच्या सगळ्या दाढांच्या मागे, आपल्या आपण येते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, त्यामुळे ना मामा, ना शेण, ना कौल. घरचे तिला दुधाचीच समजतात आणि तिच्याबाबतीतही 'पडणारच आहे' म्हणून निर्धास्त राहतात. ती पडत नाही. ती सत्तरीपर्यंत चालायची असते, तिच्यावर चावण्याचा सगळ्यात जास्त भार असतो, तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात आणि तिसरीतल्या पोराच्या तोंडात तिला भोक पडलेलं असतं. त्या खाचा वेळेत बुजवून घेण्याचा उपाय आहे. सुई नाही, कोरणं नाही, दहा-पंधरा मिनिटांचं काम. पण जी दाढ आलेलीच कुणाला ठाऊक नाही तिच्या खाचा बुजवणार कोण?

दात किडतो कशानं, याबद्दल आपल्याकडे दोन मतं चालू असतात. एक म्हणजे दातात अळी असते. तिला बाहेर काढायला रिंगणीच्या बियांची धुरी घ्यायची. या अळीवर जगभर लोकांचा हजारो वर्षं विश्वास होता. फ्रान्समध्ये पिएर फोशार यानं 1728 साली आपल्या ग्रंथात तो खोडून काढला, तरी धुरी देणाऱ्यांपर्यंत ती बातमी अजून पोचायची आहे. दुसरं मत शिकलेल्यांचं: "आमच्या घराण्यातच दात कमकुवत, कॅल्शियम कमी." हे मत सोयीचं, कारण त्यात दोष थेट पणजोबांवर जातो आणि पणजोबा खुलासा करायला नाहीत. खरी गोष्ट विलोबी मिलर या अमेरिकन संशोधकानं बर्लिनमध्ये बसून 1890 साली मांडली. तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात, त्या आम्लानं दाताचं कवच विरघळतं. पुढे 1940 च्या दशकात रॉबर्ट स्टीफन यानं हे आम्ल दातावरच मोजलं. गोड तोंडात गेलं की काही मिनिटांत सामू धोक्याच्या रेषेखाली, म्हणजे साडेपाचाच्या खाली जातो आणि लाळेला तो पुन्हा जागेवर आणायला अर्धा तास ते तासभर लागतो. या चढउतारात आपल्या सगळ्या प्रकरणाची मेख आहे. दाताला साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली याचा हिशेब जास्त कळतो. एका बैठकीत चार लाडू खाल्ले तर धोका एकदाच. एक लाडू दिवसभर आठ वेळा मोडून खाल्ला तर धोका आठ वेळा आणि लाळेला विसावा नाही.

हा हिशेब घेऊन मुळशीतल्या कुठल्याही घरात सकाळपासून नुसतं बसावं. उठल्या उठल्या चहा, त्यात बुडवलेलं ग्लुकोज बिस्कीट. बिस्कीट हा प्रकार गोड म्हणून कुणी मोजतच नाही. तो आपल्याकडे जवळजवळ औषधात गणला जातो, आजारी माणसाला भेटायला जातानाही तोच पुडा नेतात. बुडवून मऊ झालेला त्याचा लगदा दाढेच्या खाचेत असा काही जाऊन बसतो की दुपारपर्यंत हलत नाही. मग शाळेच्या वाटेवर पाच रुपयांचा पुडा. शाळेत कुणाचा तरी वाढदिवस, कारण वर्गात चाळीस मुलं म्हणजे वर्षाला चाळीस वाढदिवस आणि प्रत्येक वाढदिवसाला चाळीस गोळ्या. घरी आल्यावर 'भूक लागली' म्हणून बिस्कीट. रडलं म्हणून गोळी, रडायचं थांबलं म्हणून बक्षीस गोळी, पाहुणे आले म्हणून चॉकलेट, पाहुणे जाताना पोराच्या हातावर टेकवलेल्या दहा रुपयांचं आणखी चॉकलेट. (पूर्वी वाणी सुट्टे नाहीत म्हणून दोन गोळ्या हातावर ठेवायचा. मोबाईलवरून पैसे देणं सुरू झाल्यापासून ते तरी थांबलं. अर्थखात्यानं दातांसाठी केलेली बहुधा ही एकमेव सेवा.) आणि या सगळ्यावर कळस म्हणजे झोपताना साखर घातलेली दुधाची बाटली तोंडात. झोपेत लाळ आटते, दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचतं, खालच्या दातांना जीभ तेवढी झाकून घेते. दोन-अडीच वर्षांच्या पोराचे वरचे चार दात काळे खुंट झालेले आणि खालचे पांढरेशुभ्र, असं चित्र दिसलं की ते घराण्याचं किंवा कॅल्शियमचं काम नसतं. ते बाटलीचं असतं.

पूर्व मुळशी आणि पश्चिम मुळशी यांच्यात रस्ता, पाणी, भाव, भाषा सगळ्याचा फरक पडतो, पण या वेळापत्रकात पडत नाही. माणच्या टॉवरमध्ये बिस्किटाच्या जागी सेंद्रिय खजुराचा बार असतो, गोळीच्या जागी फळांच्या रसाची पिशवी असते, आणि ती पिशवी गाडीच्या मागच्या सीटवर हिंजवडीच्या सिग्नलपासून चांदणी चौकापर्यंत, म्हणजे आपल्या वाहतुकीच्या कृपेनं तासभर, चोखली जाते. ताम्हिणीच्या बाजूच्या वाडीतलं पोर तेच काम पाच रुपयांत करतं. किडणाऱ्या दाताला पाकिटावरचा 'नैसर्गिक' हा शब्द वाचता येत नाही. गुळात लोह असतं, गूळ पारंपरिक आहे, मधाला आयुर्वेदात स्थान आहे, हे सगळं कबूल. पण जंतूंच्या दृष्टीनं गूळ म्हणजे रंग बदललेली साखरच, वर चिकट. 'आम्ही साखर बंद केली, आता सगळं गुळाचं' असं अभिमानानं सांगणाऱ्या घरात दात त्याच वेगानं जातात, फक्त जरा सात्त्विकपणे.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की आता सणांवर घसरणार. उष्टावणाची खीर, पाडव्याला गळ्यात घातलेली साखरेची गाठी, जत्रेतली गोडीशेव आणि सगळ्यात वर बोरन्हाण. दातांच्या दृष्टीनं बोरन्हाण पाहिलं तर अंगावर काटा यावा असंच आहे. मुलाला काळं झबलं घालायचं, त्यावर साखरेच्या हलव्याचे दागिने चढवायचे आणि मग डोक्यावरून बोरं, चुरमुरे, गोळ्या, चॉकलेटं ओतायची. तरीही आरोपीच्या पिंजऱ्यात बोरन्हाणाला उभं करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सण वर्षातून एकदा येतो, गोड एका बैठकीत होतं, वर जेवण होतं, चूळ भरली जाते, संपलं. खरा गुन्हेगार आहे बोरन्हाणानंतरचा तो डबा. जमिनीवर सांडलेल्या गोळ्या आजी गोळा करते, स्टीलच्या डब्यात भरते, डबा फळीवर ठेवते आणि मग महाशिवरात्रीपर्यंत रोज 'एकच हं' चालू राहतं. त्या 'एकच हं'ची बेरीज कुणी ठेवत नाही.

हे नुसतं तर्काचं सांगणं नाही. स्वीडनमध्ये लुंडजवळ विपेहोम नावाची मतिमंदांची संस्था होती. 1945 नंतरच्या काही वर्षांत तिथल्या रहिवाशांवर साखरेचे प्रयोग झाले. काहींना गोड जेवणाबरोबर दिलं, काहींना जेवणांच्या मधल्या वेळात चिकट टॉफ्या दिल्या. जेवणाबरोबर गोड खाणाऱ्यांचे दात फारसे बिघडले नाहीत, मधल्या वेळात टॉफ्या चघळणाऱ्यांच्या तोंडांची अक्षरशः वाताहत झाली. ज्यांना 'नाही' म्हणता येत नव्हतं त्यांच्यावर केलेला हा प्रयोग आज लाजिरवाणा मानला जातो, आणि तो तसा आहेच. पण त्यातून जे कळलं ते आता खोटं होत नाही. स्वीडिश लोकांनी त्यातून धडा घेतला तोही मजेशीर आहे. मुलांना गोड खायचं ते शनिवारी, मग हवं तेवढं. शनिवारची गोळ्यांची पिशवी ही तिथली रीतच होऊन बसली. आपल्याकडे वार पाळणाऱ्यांची कमतरता नाही. मंगळवारी मटण नाही, गुरुवारी दाढी नाही, शनिवारी नखं कापायची नाहीत. ज्या समाजाला वारांचं इतकं वळण आहे, त्याला गोळीसाठी एक वार ठरवणं जड जाऊ नये.

आता आक्षेपांकडे येऊ, कारण ते तयारच असतात. पहिला आक्षेप आजोबांच्या नावे दाखल होतो. आजोबांनी जन्मभर राखुंडी लावली, कडुनिंबाची काडी चावली, पेस्टचं तोंड पाहिलं नाही आणि ऐंशीव्या वर्षी ऊस सोलून खातात! असे आजोबा असतात, नाही असं नाही. पण प्रत्येक गावात असा एक ऊस खाणारा आजोबा असतो आणि पारावर त्याच्या शेजारी भाकरी दुधात कुस्करून खाणारे सहा असतात. ते सहा कधी उदाहरण म्हणून पुढे येत नाहीत, कारण बोलायला दात लागतात. दुसरं म्हणजे आजोबांच्या लहानपणी साखर रेशनवर मोजून मिळायची, गोड सणाला व्हायचं आणि दिवसात जेवणं दोन. त्यांचे दात राखुंडीमुळे टिकले नाहीत, राखुंडी लावूनही टिकले. राखेनं दात घासणं म्हणजे कवच खरवडणं. काडी चांगली, पण ती तीन वर्षांच्या मुलाच्या मागच्या दाढेपर्यंत पोचत नाही. आणि 'जुनं ते सोनं' म्हणताना त्याच फळीवरची मिश्रीची डबीही सोन्यात धरायची का, हे ठरवावं लागेल. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड महाराष्ट्रातल्या कितीतरी बायाबापड्यांनी दात घासायला म्हणूनच धरली आणि व्यसन म्हणून ठेवली. सरकारनं दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 सालीच बंदी केली, पण तव्यावर घरी भाजलेल्या मिश्रीला कायद्याचं कलम दिसत नाही. नातीला मांडीवर घेऊन 'दात घास गं बाई' म्हणणाऱ्या आजीच्या बोटावर मिश्री असेल, तर नात नक्की कशाचं अनुकरण करणार?

दुसरा आक्षेप पूर्वेकडच्या टॉवरमधून येतो: पेस्टमध्ये फ्लोराइड असतं, ते विष आहे, इंटरनेटवर वाचलं. फ्लोराइड जास्त झालं तर त्रास होतो, हे खरंच. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत पाण्यातच ते जास्त असतं आणि तिथले लोक त्याचे परिणाम दातांवर आणि हाडांवर भोगतात. पण त्या प्रश्नाचा आणि ट्यूबमधल्या पेस्टचा संबंध मात्रेचा आहे. तीन वर्षांखालच्या मुलाला पेस्ट लागते ती तांदळाच्या दाण्याएवढी, आणि मुळशीत दाणा म्हटलं की आंबेमोहोराचा धरायचा, आखूड. तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. तेवढी थोडी गिळली गेली तरी काही होत नाही. जाहिरातीत ब्रशवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पेस्टची जी नागमोडी लाट दाखवतात ती दातांसाठी नसते, ट्यूब लवकर संपावी म्हणून असते. आणि घासून झाल्यावर थुंकायचं, पण चार-चार चुळा भरून सगळं धुऊन काढायचं नाही, कारण दातावर राहिलेला तो पातळ थरच पुढे काम करतो. जेवल्यावर खळखळून चूळ भरण्याची आपली सवय उत्तमच आहे. ती फक्त ब्रशनंतर आवरायची.

तिसरा आक्षेप सगळ्यात खरा वाटणारा: मूल ऐकत नाही. आई-बाप दातांच्या कण्या करतात, पोर तोंड मिटून घेतं. पण हेच पोर डोक्यावरून पाणी घेताना ऐकतं का? लस टोचताना त्याची संमती घेतात का? जावळ काढताना ते आकांत करतं, मामाच्या मांडीवर धरून चार जण मिळून काढतातच. ज्या गोष्टी आपण करायच्याच असं ठरवलेलं असतं, त्यात पोराचं मत विचारलं जात नाही. दात तेवढे लोकशाही पद्धतीनं घासले जातात. शिवाय ब्रश पोराच्या हातात देऊन 'स्वतः घासतो हं आमचा' असं कौतुक करणं ही फसगत आहे. सात-आठ वर्षांपर्यंत बोटांना ते वळण नसतं. पोर पुढचे चार दात आडवे खसाखसा घासतं, उरलेल्या वेळात ब्रशचे केस चावतं. घासायचे ते मोठ्या माणसानं, मुलाचं डोकं आपल्या मांडीवर घेऊन, डोक्याच्या बाजूनं वाकून, म्हणजे तोंड आपल्याकडे उघडतं आणि दोन्ही हात मोकळे राहतात. एका बोटानं वरचा ओठ उचलायचा आणि हिरडीलगतच्या कडेनं पाहायचं. तिथं खडूनं ओढल्यासारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसली तर ती कीड लागण्याची पहिली खूण. या पायरीवर दात अजून परत फिरू शकतो: पेस्ट नीट, बाटली बंद, गोडाचा वार ठरलेला, आणि डॉक्टरांना एकदा दाखवणं. रेघ पिवळी-तपकिरी होऊन खड्डा पडला की परतीचा रस्ता बंद. ओठ उचलून पाहायला महिन्यातून अर्धा मिनिट लागतो. तेवढ्या वेळात आपण मुलाचे तीन फोटो काढतो, तेही तोंड मिटलेलं.

चौथा आक्षेप डॉक्टर लांब आणि महाग. तालुक्याच्या पश्चिमेकडून दंतवैद्याकडे जायचं म्हणजे आईचा रोजगार बुडतो, एसटीचं गणित जमवावं लागतं, त्यामुळे या आक्षेपाला हसण्यावारी नेता येत नाही. पण एक गोष्ट लोकांच्या ध्यानात नसते: डॉक्टर अंगणवाडीत येऊन गेलेला असतो. 2013 च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत मुलं तपासतात आणि त्यांच्या तपासणीच्या यादीत दातांचे आजार आहेत. पथक तोंड उघडायला लावतं, कागदावर लिहितं, पुढे पाठवायची चिठ्ठी देतं. ती चिठ्ठी दप्तरात जाते, दप्तरातून फडताळावर, फडताळावरून गॅसच्या वहीत, आणि ठणका सुरू झाल्यावर रात्री दोन वाजता तिची आठवण होते. 2002-03 साली भारतीय दंत परिषदेनं देशभर पाहणी केली तेव्हा पाच वर्षांच्या मुलांत निम्म्यांच्या आसपास किडके दात सापडले होते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालात जगभरातल्या अशा मुलांचा आकडा सुमारे 51 कोटी आहे. एवढ्या मोठ्या आकड्यापुढे सरकारनं उपाय केला तोही तोलामोलाचा: 2023 साली राज्याच्या स्वच्छ मुख अभियानाचा चेहरा म्हणून सचिन तेंडुलकरला नेमलं. सचिनचं ऐकून पोरानं हट्टानं बॅट घेतली, हेल्मेट घेतलं, अंगणात खिडकीची काच फोडली. ब्रशचं तेवढं त्याच्या कानावर गेलं नाही, कारण ते सचिनचं काम नव्हे, घरच्यांचं होतं. खर्चाचं म्हणाल तर पांढऱ्या रेघेवर दाखवलं तर जे होतं त्याच्या कितीतरी पट पैसे नस मरून सूज आल्यावर जातात. दात कोरून पोट भरत नाही हे ठीक, पण दात वेळेवर न दाखवल्यानं खिसा मात्र हमखास रिकामा होतो.

शेवटचा आक्षेप कुणी तोंडावर घेत नाही, आणि मला वाटतं सगळ्या आक्षेपांचा बाप तोच आहे. रात्री झोपताना ब्रश करायची सवय मुळात आई-बापांनाच नाही. सकाळी घासले की झालं, हा आपला राष्ट्रीय समज आहे. पहाटे कडकडीत दात घासून, वर गोड चहा पिऊन आपण दिवसाची सुरुवात करतो आणि रात्री श्रीखंड-पुरी खाऊन तसेच आडवे होतो. मग पोराला रात्रीचा ब्रश सांगायचा तर आधी स्वतः उठावं लागतं, सिरियल अर्धी सोडावी लागते, बेसिनशी दोघांनी उभं राहावं लागतं. त्याला इलाज नाही. ब्रश तीन घ्यावेत आणि रात्री साडेनऊची वेळ सगळ्यांनाच लागू करावी. यात ट्यूब नेहमीपेक्षा लवकर संपेल, आणि बाबांच्या गालातला तंबाखूचा बार झोपेपर्यंत न राहता साडेनऊलाच थुंकावा लागेल. त्यावर बाबांची काही हरकत असेल तर ती त्यांनी आईकडे लेखी द्यावी, मोजणीच्या अर्जासारखी, दोन प्रतींत.